कळसूबाई एकट्याने, बाराशे रुपयांत: बारीतल्या घरगुती मुक्कामाचं परीक्षण

एकट्याने डोंगरात जायची सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं की आम्ही कळसूबाई सुचवतो. शिखर सोपं आहे म्हणून सुचवत नाही. उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत जास्त, आणि पायथ्याच्या बारी गावातून निघालं की आठशे मीटरच्या वर चढाई अंगावर येते. ती चांगलाच दम काढते. पण वाट मळलेली आहे, कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, गावापर्यंत लोकल, एसटी आणि जीपने पोचता येतं आणि पायथ्याला घराघरांत राहण्या-जेवणाची सोय होते. या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी असलेला दुसरा उंच डोंगर सह्याद्रीत सहज सापडत नाही. त्यामुळे इथे परीक्षण आहे ते या सोयीचं: बारीतला मुक्काम, जेवण, तिथवरचा प्रवास आणि वाटेवरच्या टपऱ्या. एकट्या माणसाला, कमी पैशांत, हे सगळं कितपत पुरं पडतं?

आधी खर्चाचं सांगून टाकू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ट्रेक ग्रुपच्या गाड्या साधारण हजार ते पंधराशे रुपये घेतात. त्यात येण्या-जाण्याचा प्रवास, नाश्ता, एक जेवण आणि सोबत येणारे लीडर असतात. मुंबईहून स्वतःचं स्वतः गेलात तर हिशोब साधारण असा बसतो: सीएसएमटी ते कसारा लोकल जाऊन-येऊन ऐंशी रुपयांच्या आत, कसारा ते बारी जीप आणि एसटी धरून दोन्ही वेळचे अडीचशे ते तीनशे, एका रात्रीचा मुक्काम अडीचशे-तीनशे, दोन जेवणं आणि एक नाश्ता मिळून साडेचारशेच्या आसपास, वर टपरीवर सरबत-ताकाचे साठ-सत्तर. म्हणजे अकराशे-बाराशे. रकमा जवळपास सारख्याच. एकट्याने गेल्यावर त्याच पैशांत रात्रीची झोप आणि मोकळी शिडी मिळते, आणि खर्च झालेल्या पैशांतला मोठा वाटा गावातल्या घरात जातो. आमच्या मते एवढ्यासाठीच हा मार्ग घ्यावा.

प्रवास मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचं गणित डोंगरापेक्षा इथेच जास्त वेळा बिघडतं.

मुंबईकरांनी कसारा लोकलच धरायची. आसनगावची किंवा टिटवाळ्याची लोकल त्याच मार्गावर धावते, घाईत तीच पकडली जाते आणि मग मधल्या स्टेशनवर पुढच्या कसारा गाडीची वाट बघत बसावं लागतं. कसाऱ्याला जाणाऱ्या गाड्या कमी आहेत. एक चुकली की तास-दीड तास हातचा जातो. सीएसएमटीहून अडीच तासांच्या आसपास लागतात. परतीचं तिकीट निघतानाच काढून ठेवलं तर संध्याकाळी कसाऱ्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, पण त्याची मुदत तिकिटावर वाचून घ्या. मुक्काम करून परतणार असाल तर हे महत्त्वाचं.

कसारा स्टेशनबाहेर जीपा उभ्याच असतात. त्यातल्या बहुतेक इगतपुरी-नाशिककडे जाणाऱ्या. त्यांतून घोटीला उतरायचं. "बारीला सोडतो" म्हणून पूर्ण गाडीचं भाडं सांगितलं जातं, ते एकट्याला परवडणारं नसतं. सरळ "एक सीट, घोटी" एवढंच बोला. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंडी, राजूर, अकोले बाजूच्या एसटी आणि काळी-पिवळी जीपा मिळतात. बसमध्ये चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं ते "अकोल्याला जाते का" असं नव्हे, "बारीवरून जाते का" असं. नाशिकहून अकोल्याला सिन्नरमार्गेही बस जाते आणि ती बारीच्या आसपासही फिरकत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी संगमनेर, अकोले, राजूर असं यायचं आणि राजूरहून घोटीच्या दिशेची गाडी धरायची. या बाजूने वेळ जास्त लागतो, म्हणून सकाळीच निघावं.

एसटीचं भाडं जानेवारी २०२५ मध्ये वाढलं, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे विसरा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे एकटीने जाणाऱ्या मुलीचा खर्च आणखी खाली येतो.

घोटी ही शेवटची मोठी बाजारपेठ. एटीएम, औषधाचं दुकान, टॉर्चचे सेल, केळी, राजगिऱ्याच्या वड्या, सगळं इथेच घ्यायचं. गावात फोनवरून पैसे देता येतात असं बरेच जण सांगतात आणि ते खरंही आहे, पण नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही. हजार रुपये तरी रोख हवेत, तेही शंभर-पन्नासच्या नोटांत.

आता मुक्काम. बारी आणि त्याला लागूनच असलेली जहागीरदारवाडी इथे बऱ्याच घरांनी एखादी मोठी खोली किंवा पडवी पाहुण्यांसाठी काढून ठेवली आहे. गादी, उशी, पांघरूण मिळतं. पाहुणे एकाच खोलीत ओळीने झोपतात. स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी घराबाहेर असतं. हॉटेलची अपेक्षा ठेवून गेलात तर नाराज व्हाल, आणि ती चूक घराची नसेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. एक पांघरूण पुरत नाही, तेव्हा दुसरं झोपण्यापूर्वीच मागून घ्या. चार्जिंगचा बोर्ड एक आणि फोन दहा अशी गत सुट्टीच्या दिवशी होते, शिवाय वीज जाते. पॉवर बँक न्यावीच.

फोन करून जाणं चांगलं, आणि फोनवर पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात: माणशी मुक्कामाचे किती, रात्रीचं जेवण किती आणि त्यात दुसऱ्यांदा वाढतात का, पहाटे चहा-नाश्ता किती वाजता मिळेल, त्या रात्री मोठा ग्रुप उतरणार आहे का आणि सामान ठेवून वर जाता येईल का. चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. शनिवारी रात्री दोन-अडीच वाजता पन्नास माणसांची बस दारात थांबली की झोप संपली. एकटीने जाणाऱ्या मुलींनी आणखी एक विचारावं: बायका-मुलं राहतात त्याच घरात झोपायची सोय आहे का. बहुतेक ठिकाणी लगेच होकार येतो, आणि घरातल्या मावशींशी स्वतः बोललं की नंतरच्या सगळ्याच गोष्टी सोप्या होतात.

जेवणाला आम्ही पैकीच्या पैकी देतो. साधं आहे, पण चुलीवरचं आणि ताजं. ताटात पिठलं, एखादी रस्साभाजी नाहीतर उसळ, ठेचा, कांदा, भाकरी आणि शेवटी भात-आमटी. भाकरी बाजरीची, तांदळाची नाहीतर नाचणीची, घरात जे पीठ असेल त्याची. नाचणीची मिळत असेल तर तीच मागा: काळपट तपकिरी, कडेला किंचित तडकलेली, तव्यावरून निघाल्याबरोबर पिठल्यात मोडायची. गार झाली की ती चिवट होते, म्हणून ताटावर वेळेत बसायचं. हा भाग भाताचा आहे आणि अकोले तालुका देशी वाणांसाठी ओळखला जातो. बीजबँकेच्या कामासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यामुळे भात पानात पडला की पोट भरलं म्हणून बाजूला सारू नका. गावठी कोंबडी हवी असेल तर दुपारीच सांगावं लागतं, आणि एकट्यासाठी ती महाग पडते. पहिल्या खेपेला, दुसऱ्या दिवशी चढायचं असताना, रात्री तिखट रस्सा न खाल्लेलाच बरा.

कमी पडतं ते पहाटेच्या नाश्त्यात. पाच वाजता निघणाऱ्याला पोहे मिळतीलच असं नाही. चहा-बिस्किटांवर भागवावं लागतं. म्हणून दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ पिशवीत असू द्या. वर पोचेपर्यंत तेवढं पुरतं.

निघण्याची वेळ. सूर्योदय शिखरावरून बघायचा म्हणून लोक रात्री तीनला चढायला लागतात. पहिल्यांदा, एकट्याने, हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गावाबाहेर शेतांच्या बांधांवरून पाऊलवाटा फुटतात, ओढा ओलांडावा लागतो, आणि अंधारात नेमकी तिथेच चुकामूक होते; पुढे पायऱ्या आणि कठडे लागल्यावर वाट सोडायला जागाच नसते. पाच-साडेपाचला टॉर्च घेऊन निघा. पायथ्याशी देवीचं एक देऊळ आहे, ज्यांना वर जाणं जमत नाही ते तिथेच दर्शन घेतात. ते ओलांडून चढ सुरू होईपर्यंत झुंजूमुंजू होतं आणि पहिल्या शिडीला लख्ख उजेड असतो. वरपर्यंत साडेसहा किलोमीटरच्या आसपास चाल आहे. नवख्याला तीन ते साडेतीन तास लागतात, उतरायला दोन ते अडीच.

पहिला तास सगळ्यांत वाईट जातो. गरम न झालेले पाय, ओबडधोबड पायऱ्या, आणि शिखर दिसतच नाही. समोर दिसतं ते मधलं टेकाड. लोक इथे धापा टाकत वेगाने चढतात आणि दुसऱ्या शिडीपाशी पाठ टेकून बसतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चला. अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभ्या-उभ्या थांबा, बसू नका. पाणी तहान लागायच्या आधी, दोन-दोन घोट.

शिड्या चार ठिकाणी आहेत. तीन वाटेवरच्या कड्यांवर आणि शेवटची थेट शिखरावर नेणारी. काही ठिकाणी जुनी अरुंद आणि शेजारी नवी रुंद अशा दोन्ही आहेत. दांडे मजबूत आहेत, दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत, आणि उंचीची भीती असलेली माणसंही त्या चढून जातात. शिडी अवघड वाटते ती तीन कारणांनी. एक म्हणजे बूट: गुळगुळीत तळव्याचे रनिंग शूज दवाने ओल्या झालेल्या लोखंडावर सरकतात. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालत आले आहेत ते रबराच्या पकडीमुळे आणि परवडणाऱ्या किमतीमुळे. पहिल्या ट्रेकला त्याहून महाग काही घ्यायची गरज नाही. मात्र आठवडाभर आधी घालून फिरा. दुसरं कारण पाठीवरची लोंबकळणारी सॅक. बाहेर बांधलेली बाटली किंवा चटई कठड्यात अडकते आणि तोल मागे जातो. सगळं आत, आणि छातीचा पट्टा लावलेला. तिसरं कारण गर्दी. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच अरुंद शिडीवर समोरासमोर आले की मधेच खोळंबा होतो, आणि दांड्यावर पाय ठेवून दहा मिनिटं उभं राहिलं की पोटऱ्या थरथरायला लागतात. उतरताना तोंड कड्याकडे करून, एक हात सुटला तरी दुसरा धरलेला हवा. काठी वापरत असाल तर ती शिडीआधी मिटवून सॅकमध्ये. फोन खिशात, चेन लावून.

टपऱ्यांबद्दल. सुट्टीच्या दिवशी वाटेत ठिकठिकाणी लिंबू सरबत, ताक, काकडी, भजी, मॅगी मिळते. हा माल गावातली माणसं त्याच चढावरून डोक्या-खांद्यावर नेतात, म्हणून बाटलीबंद पाण्याला दहा-वीस रुपये जास्त पडले तर घासाघीस करू नये. सरबत मीठ घालून मागा. घामाबरोबर मीठही जातं. मधल्या वारी मात्र टपऱ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. कधी एखादी उघडी असते, कधी सगळ्या बंद. हिवाळ्यात दोन लिटर आणि मार्चनंतर तीन लिटर पाणी स्वतःचं हवंच. शेवटच्या शिडीच्या आधी सपाटीवर विहीर आहे, पण तिचं पाणी गाळून-निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका, उन्हाळ्यात तर नकोच. जेवणाची सोय असलेल्या टपरीवर पिठलं-भाकरी खायची असेल तर चढताना सांगून पुढे जायचं आणि उतरताना खायची. माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात धरून चालू नका.

शिखरावर छोटंसं देऊळ आणि जेमतेम काही माणसांना बसता येईल एवढीच जागा. कळसूबाई ही इथल्या महादेव कोळी समाजाची श्रद्धास्थान असलेली देवी, म्हणून देवळापाशी चपला-बूट बाहेर, आवाज कमी, आणि स्पीकरवर गाणी अजिबात नकोत. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत उभे दिसतात. दक्षिणेकडे भंडारदऱ्याचा जलाशय, त्याच्या पलीकडे रतनगड आणि त्याचा खुट्टा नावाचा सुळका, आणखी मागे हरिश्चंद्रगड. पूर्वेच्या अंगाला बितनगड आणि पट्टा किल्ला. नकाशा डाउनलोड करून नेला असेल तर हे एकेक ओळखायला अर्धा तास छान जातो. घाम जिरला की वारा बोचतो. एक कोरडा टीशर्ट आणि विंडचीटर वरच्या कप्प्यात ठेवा. धुकं असेल तर माथ्यावरून उतरायला लागताना आलो त्याच शिडीने उतरतोय ना, एवढं बघा. इंदोरे गावाकडेही एक वाट उतरते. त्या वाटेला लागलात तर डोंगराच्या पार दुसऱ्या बाजूला, नाशिक जिल्ह्यात निघाल आणि मुक्कामी ठेवलेलं सामान राहील बारीत.

ग्रुपसोबत जाणं वाईट असं आम्ही म्हणत नाही. आयुष्यात कधीच डोंगर न चढलेल्याला, किंवा भर पावसात जायचंच आहे अशाला, चांगला लीडर सोबत असणं मोलाचं. पण शनिवार-रविवारच्या रात्रीच्या कळसूबाईचं जे रूप झालं आहे, त्याला आमचे गुण कमीच आहेत: रात्रभर बसमध्ये अवघडून बसायचं, झोप न झालेल्या अंगाने तीन वाजता चढायचं, दुसऱ्या शिडीपाशी रांगेत उभं राहायचं आणि शिखरावर पाऊल ठेवायला जागा नसताना सूर्योदयाचा फोटो काढायचा. हाच डोंगर गुरुवारी दुपारी निघून शुक्रवारी पहाटे केला तर ओळखू येत नाही. एक दिवस रजा काढावी लागते. ती काढावी.

ऋतूचं थोडक्यात. पहिल्या एकट्या ट्रेकसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, हवा धुतलेली असते. आम्ही हाच काळ सुचवू. नवरात्रात वर यात्रा भरते. ती बघायची असेल तर जरूर जा, पण मग मुक्काम आधीच ठरवा आणि शिडीवर वेळ जाईल हे धरून चाला. जून ते ऑगस्टमध्ये हा मुसळधार पावसाचा पट्टा असतो. ओढा फुगतो, शिड्यांवर वारा ढकलतो, दोन हातांवरचं दिसत नाही. एकट्याने तेव्हा नको. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते, खोल्यांचे दर चढतात आणि एसटीही कोंडीत अडकते. बजेटची सहल त्या आठवड्यांत बजेटची राहत नाही.

परतीची वेळ सगळ्यात कडक पाळायची. नऊपर्यंत माथा, बारा-साडेबारापर्यंत गाव, हातपाय धुऊन जेवण, आणि दोन-अडीचला रस्त्यावर. दुपारनंतर घोटीकडे जाणाऱ्या गाड्या विरळ होतात आणि त्यांचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून आदल्या दिवशी ज्या बसने आलात तिच्याच कंडक्टरला परतीच्या गाड्या विचारून कागदावर लिहून घ्या; घरमालकालाही विचारा, त्यांना दुधाच्या आणि भाजीच्या गाड्यांच्याही वेळा ठाऊक असतात. निघताना घरी कोणाला तरी ज्या घरात उतरलात तिथला नंबर आणि "तीन वाजेपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर विचारा" असा निरोप देऊन ठेवा. वर कधी रेंज येते, कधी येत नाही, त्यामुळे शिखरावरून फोन करीन असं कबूल करू नका. गावाच्या तोंडाशी घेतलेली प्रवेशाची पावती उतरेपर्यंत जपून ठेवा, आणि वर नेलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या-बाटल्या तेवढ्याच मोजून खाली आणा. बारीत कचरागाडी रोज येत नाही, म्हणून त्या घोटीपर्यंत न्या.